कटंगीच्या रानात तीन दिवस

वाघ पाहावयास मध्य प्रदेशात जाणारी मंडळी बहुधा कान्हाची वाट धरतात, नाहीतर पेंचची. दोन्ही अरण्यांची कीर्ती मोठी आहे. कान्हा 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1973 साली व्याघ्रप्रकल्पात आले. पेंच 1983 साली राष्ट्रीय उद्यान झाले व 1992 साली व्याघ्रप्रकल्प. उघड्या मोटारीत बसून, वाटाड्याच्या बोटाच्या रोखाने माना वळवीत सकाळ काढावयाची आणि पट्टेदार जनावर दिसले की धन्य व्हावयाचे, असा तेथील रिवाज. त्यात वाईट काही नाही. परंतु मोटारीतून खाली पाय ठेवण्यास तेथे मनाई असते, आणि रान हे पायांनी पाहावयाचे असते अशी आमची जुनी समजूत आहे. म्हणून या दोन नामांकित अरण्यांच्या मध्ये, सिवनी आणि बालाघाट जिल्ह्यांत, जे बिननावाचे रान टेकड्या-टेकड्यांनी पसरले आहे त्याचा एक कोपरा पाहण्याचे आम्ही ठरविले. तो कोपरा म्हणजे कटंगीचा.

वाचकांपैकी फारच थोड्यांनी हे नाव ऐकले असेल. मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेसने गोंदियास उतरावे, तेथून आगगाडीने बालाघाट आणि बालाघाटहून वारासिवनीवरून कटंगी. या शेवटच्या फाट्यावर पूर्वी अरुंद रुळांची छोटी गाडी धावत असे. आता रूळ रुंद झाले आहेत. खिडकीतून दोन्ही बाजूंस धानाच्या बांध्या दिसतात. याच मुलखातील चिन्नौर तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. गोंदिया आणि बालाघाट या शेजारी जिल्ह्यांच्या धानशेतीत व तळ्यांकाठी सारस पक्ष्यांची थोडकी जोडपी अजून टिकून आहेत. माणसाच्या खांद्याला डोके लागेल एवढा हा उंच पक्षी पावसाळ्यात भर धानात घरटे करतो. आम्हांस एक जोडपे गाडीतूनच दिसले. कॅमेरा पिशवीतून निघेपर्यंत ते मागे गेले. प्रवासाचा हा पहिला धडा होय.

कटंगीस उतरल्यावर भाषेची अडचण पडेल अशी भीती होती, ती फुकट गेली. बाजारात हिंदी, पोवारी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच वाक्यात नांदतात. 1956 च्या नोव्हेंबरपर्यंत बालाघाट, भंडारा आणि नागपूर हे एकाच राज्याचे जिल्हे होते व राजधानी नागपूर होती, हे ध्यानी घेतले म्हणजे याचे नवल वाटत नाही. राज्याची सीमा नकाशावर हलली. सोयरिकी जेथल्या तेथे राहिल्या. दक्षिणेस तिरोडीच्या बाजूला मँगनीजच्या खाणी आहेत, पश्चिमेस व उत्तरेस सातपुड्याच्या टेकड्या. आम्हांस टेकड्यांकडे जावयाचे होते.

राखीव जंगलात वाटेल तसे शिरता येत नाही, आणि येऊही नये. वनखात्याच्या कचेरीत अर्ज दिला, कोठून शिरणार, कोठे मुक्काम करणार, कोठून बाहेर पडणार हे लिहून दिले. बरोबर एक वनरक्षक आणि एक वाटाड्या घेण्याची अट होती. अट कसली, उपकारच तो! वाटाड्या पन्नाशीचा गोंड गृहस्थ होता. उन्हाळ्यात वणवा विझविण्याच्या कामावर तो कैक वर्षे राहिलेला. त्याला आम्ही दादा म्हणत होतो आणि तो आम्हां तिघांसही दादाच म्हणे, त्यामुळे हाक कोणी कोणास मारली याचा घोटाळा तीन दिवस चालला.

निघण्यापूर्वी त्याने एकच गोष्ट मागितली. ज्या पाड्यावर आम्ही उतरणार त्याचे नाव कोठे छापू नये. आजचा कॅमेरा आणि खिशातला मोबाइल चित्राबरोबर जागेचीही गुपचूप नोंद करून ठेवतो, हे त्याला वनरक्षकाकडून कळले होते. वाघ कोठे आहे हे चार जणांना कळले की चाळीस मोटारी येतात, आणि मोटारींमागून कोण येईल याचा नेम नसतो, हे त्याचे म्हणणे. आम्ही त्याच्यासमोर ती नोंद बंद केली. म्हणून या लेखात पाड्याचे नाव नाही, नाल्याचेही नाही.

मार्चचा शेवटचा आठवडा होता. पहाटे साडेपाचला निघालो. सागाची पाने बहुतेक गळलेली; पायाखाली ती पापडासारखी मोडत, आणि त्या आवाजाने पुढचे सारे रान सावध होई. दादाच्या पायांचा मात्र आवाज येत नसे. त्याने सांगितले, पाऊल टाचेवर टाकू नका, आधी चवडा टेका, आणि पानांवरून नव्हे, गुरांच्या वाटेवरून चला. हे शिकण्यात आमची सकाळ गेली. परंतु शिकल्यानंतर रानाचे रूपच पालटले. मोटारीतून जे हिरवे अथवा तपकिरी भिंतीसारखे दिसते, त्यात एकेक झाड वेगळे होऊ लागले. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी चिरलेली. धावड्याची गोरी, गुळगुळीत. बिजाच्या सालीला टोचले की रक्तासारखा लाल डिंक येतो. तेंदू, चार, रोहन आणि नव्या पालवीने लालभडक झालेला कुसुम. कुसुमाची ही लाली फुलांची नसून कोवळ्या पानांची असते, हे आम्हांस जवळ जाऊन हात लावीपर्यंत खरे वाटेना. ओहोळांच्या काठी कटंग, म्हणजे काटेरी बांबू, अशा दाटीने उभा की त्यातून ससादेखील पाठ खरचटल्यावाचून जाणार नाही.

पायी हिंडून छायाचित्रे काढण्याचा धंदा मोठा अवघड आहे, हे येथे कबूल केले पाहिजे. दूरचे टिपणारे भिंग जड असते. दुसऱ्या तासाला त्याचे वजन दुप्पट होते आणि चौथ्या तासाला ते बरोबर आणणाऱ्याची अक्कल निघते. पाणी दर माणशी तीन लिटर वाहावे लागते. मोटारीला जनावर सरावलेले असते, दोन पायांवर चालणाऱ्यास मात्र ते ओळखते आणि निघून जाते. पहिल्या दिवशी आमच्या पदरी काय पडले? चितळांच्या कळपाची मागची बाजू, भेकराचे भुंकणे, रानकोंबड्याचे एक अस्पष्ट चित्र, आणि दुपारी पाणवठ्यावर स्वस्थ बसलेला एक भृंगराज. त्याच्या शेपटीच्या दोन लांब तारा व टोकाची पिसे वाऱ्यावर अशी हलत होती की जणू दोन भुंगे त्याचा पाठलाग करीत आहेत. हा पक्षी इतर पक्ष्यांच्या आवाजांची नक्कल करण्यात पटाईत. त्याने आमच्या कॅमेऱ्याच्या खटक्याची नक्कल केली असे आमच्यापैकी एकाचे ठाम मत आहे. उरलेल्या दोघांचे नाही.

भारतात रानटी वाघांची छायाचित्रे प्रथम नेटाने काढली ती चॅम्पियन नावाच्या एका इंग्रज वनाधिकाऱ्याने, हिमालयाच्या पायथ्याच्या जंगलांत, शंभर वर्षांपूर्वी. जनावराच्या वाटेवर तो तार ताणून ठेवी. वाघाचा पाय तारेस लागला की उजेडाचा लोळ उठे आणि वाघ आपले चित्र आपणच काढून घेई. 1927 साली त्याचे पुस्तक निघाले. त्या काळी वाघ म्हटले की बंदूक, हा शिरस्ता असता या गृहस्थाला तार सुचावी, हे आम्हांस त्या पुस्तकाहूनही मोठे वाटते. आज त्याच कल्पनेवर देशभरची व्याघ्रगणना चालते. झाडांच्या बुंध्यांना, वाटेच्या दोन अंगांस, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. कारण वाघाच्या उजव्या कुशीचे पट्टे डाव्या कुशीसारखे नसतात, आणि दोन वाघांचे पट्टे तर कधीच जुळत नाहीत. 2018 च्या गणनेत असे कॅमेरे 26,838 ठिकाणी लावले होते. त्यांनी 3 कोटी 48 लाखांहून अधिक चित्रे टिपली. त्यांत वाघांची 76,651. आम्ही तीन दिवसांत चारशे चित्रे काढली व वाघाचे एकही नाही. प्रमाण पाहता आमचे तितकेसे चुकले नाही.

रात्री पाड्यावर मुक्काम केला. तांदळाची भाकर, लाखोळीची डाळ आणि बिनदुधाचा चहा. अंगणभर मोहाची फुले वाळत पसरली होती आणि त्यांचा गोड, किंचित आंबूस वास घरात, अंथरुणात, पाण्याच्या घागरीतही शिरला होता. मोहाचे फूल रात्री उमलते आणि पहाटेपासून टपटप गळू लागते. ते उन्हाने मऊ पडण्याच्या आत, गुरे व हरणे येण्याच्या आत वेचावे लागते. म्हणून या दिवसांत पाड्यातील बायका तांबडे फुटण्यापूर्वीच टोपल्या घेऊन रानात जातात. प्रत्येक झाडावर कोणत्या ना कोणत्या घराचा वहिवाटीचा हक्क असतो. सुनेला तो सासूकडून मिळतो. फुले झाली की मे महिन्यात तेंदूपाने, पन्नास पानांचा एक पुडा. पुढे मोहाच्या बियांचे तेल. पाड्याचा वर्षाचा मीठमिरचीचा, औषधाचा आणि वह्यापुस्तकांचा पैसा तीन महिन्यांत रानातून यावयाचा असतो.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता एका कोरड्या नाल्यात उतरलो. वाळू दहिवराने ओलसर होती. दादा थबकला. वाळूत वाघाचे पाऊल उमटले होते; एक नव्हे, ओळीने अकरा. कडा अशा रेखीव की आताच कोणी साच्यातून काढल्या असाव्यात. त्यांवरून एकही मुंगी गेलेली नव्हती. लांबटपणावरून वाघीण असावी, असे वनरक्षक म्हणाला. उन्हाचा पहिला तिरपा किरण नाल्याच्या काठावर आला होता. पाच मिनिटांत तो वाळूवर उतरला असता आणि प्रत्येक ठशाच्या खळग्यात सावली भरली असती. छायाचित्र घेणाऱ्यास याहून अधिक काय पाहिजे? आम्ही घाईने तिकाटणे उघडू लागलो.

दादाने हात आडवा धरला.

“फोटू मंग काढा जी. आंधी बायाईले सांगून येऊ.”

पावलांचा रोख नाल्याने वर, मोहाच्या झाडांकडे होता. तेथे त्याच्या पाड्याच्या सात-आठ बायका त्या वेळी वेचणी करीत होत्या. मोह वेचणारे माणूस वाकलेले किंवा उकिडवे बसलेले असते. अशा आकृतीस वाघ माणूस म्हणून ओळखत नाही, चार पायांचे जनावर समजतो, असे जाणकार सांगतात. ही नुसती भीती नव्हे. कटंगी-तिरोडीच्या या पट्ट्यात वाघाच्या हल्ल्यात माणसे दगावली आहेत. 2025 सालीही बावनथडीच्या धरणाजवळील कुडवा परिसरात एका शेतकऱ्याचा जीव गेला. गावकऱ्यांचा संताप समजण्यासारखा असतो. वाघ वाचवा म्हणणारे आम्ही शहरगावचे लोक, आणि पहाटे चारला त्याच्या वाटेवर वाकून फुले वेचणारी ती बाई, यांत जोखीम कोणाची हे सांगावयास नको.

तिकाटणे तसेच मिटले आणि आम्ही दादामागे निघालो. तो मुद्दाम मोठमोठ्याने खाकरत, कुऱ्हाडीच्या दांड्याने झाडांवर ठोके देत चालला होता. काल पावलांचा आवाज करू नका म्हणणारा हाच गृहस्थ! पाऊण मैल गेल्यावर झाडे लागली. बायका विखुरल्या होत्या, एकेकीच्या झाडाखाली एकेक. दादाने हाळी घातली. गोंडीत चार शब्द झाले. कोणी किंचाळले नाही, कोणी पळाले नाही. टोपल्या उचलल्या गेल्या, सगळ्या एका जागी जमल्या, आणि मग एकेका झाडाखाली सर्वजणी मिळून वेचू लागल्या. दोघी वेचीत नसत, उभ्या राहून रान न्याहाळीत. काम सोडून घरी जाणे त्यांना परवडणारे नव्हते. त्या दिवशीची फुले दुसऱ्या दिवशी मिळत नाहीत.

एक म्हातारी हसून म्हणाली, वाघिणीपेक्षा अस्वल वाईट. वाघीण पाहून बाजूला होते. अस्वलाला मोहाची आमच्यासारखीच ओढ, ते झाडाखालून हलत नाही.

तासाभराने नाल्यात परतलो तेव्हा पाड्यातील शेळ्या वरून उतरून गेल्या होत्या. अकरा पावलांपैकी एक अर्धे शिल्लक होते.

वाटेत आम्ही मोहाखालची जळलेली जमीन पाहिली. फुले चटकन दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवून देण्याची पद्धत आहे, आणि त्यातील एखादी आग निसटली म्हणजे टेकडीच्या टेकडी जळते. दादाचे सारे आयुष्य अशा आगी विझविण्यात गेलेले. त्याच्याच घरच्या झाडाखाली मात्र पाचोळा झाडूने लोटून वर्तुळ केलेले होते. झाडाखाली जाळी बांधून फुले वरच्यावर झेलण्याची युक्ती काही ठिकाणी निघाली आहे. फुले स्वच्छ राहतात व आगीचे कारण उरत नाही. जाळी घरोघर कोण पुरविणार, हा प्रश्न आहेच.

दुपारी टेकडीच्या माथ्यावर बसलो असता वनरक्षकाने पश्चिमेकडे हात केला: तिकडे पेंच. मग पूर्वेस: तिकडे, फार लांब, कान्हा. वाघाचा तरुण नर मोठा झाला की त्याला आईच्या मुलखात जागा उरत नाही. तो नवे रान शोधीत निघतो. तो अशाच बिननावाच्या टेकड्यांवरून, शेतांच्या कडेकडेने, रात्री चालतो. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सातपुडा, मेळघाट, पेंच आणि कान्हा येथील वाघांच्या विष्ठेवरून त्यांची नाती तपासली, तेव्हा जेथे मधले रान शाबूत आहे तेथे एका अरण्याचे रक्त दुसऱ्यात मिसळत असल्याचे दिसून आले. मधले रान तुटले तर कान्हा हे एक बेट होईल आणि पेंच दुसरे. बेटावर कोंडलेल्या कुळाचे काय होते हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. एकाच घरचा वळू पिढ्यान्‌पिढ्या वापरणाऱ्याचा गोठा त्याने पाहिलेला असतो.

नागपूर-सिवनी रस्ता पेंचच्या रानातून जातो. तो रुंद करताना महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून खालून जनावरांस वाट ठेवली आहे. तेथे लावलेल्या कॅमेऱ्यांत अठरा जातींची रानटी जनावरे खालून जाताना टिपली गेली. त्यांत वाघही होते. म्हणजे वाट दिली तर जनावर ती घेते. मात्र या टेकडीवर वाट देणारा कोणी इंजिनीयर नाही. येथली वाट त्या सात-आठ बायकांच्या सोशिकपणावर उघडी आहे, आणि त्याची नोंद कोणत्याही गणनेत नाही.

तिसऱ्या दिवशी उतरून बावनथडीच्या जलाशयाकडे गेलो. कुडव्याजवळ या नदीवर दोन्ही राज्यांनी मिळून धरण बांधले. राजीव सागर त्याचे नाव. पाणी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांत वाटलेले. बुडालेल्या झाडांचे काळे खुंट पाण्यातून वर आले होते आणि एकेका खुंटावर एकेक पाणकावळा पंख पसरून वाळत होता. येथे आम्हांस भरपूर चित्रे मिळाली. चालून चालून पायांना फोड आले होते व बसल्या जागी चित्रे मिळत होती, तेव्हा त्यांची आम्हांस फारशी किंमत वाटली नाही. माणसाचा स्वभावच असा.

निरोप घेण्यापूर्वी, आदल्या दिवशीच्या त्या म्हातारीने एक मागणी केली होती ती सांगावयाची राहिली. तिला आपला फोटो नको होता. झाडाचा हवा होता. सासूने तिला दिलेला मोह, आता ती नातसुनेला देणार. सगळे झाड आले पाहिजे, शेंडा तुटता कामा नये, बुंधाही दिसला पाहिजे. आमची लांबची भिंगे त्या कामाची नव्हती. शेवटी खिशातल्या मोबाइलवर, मागे मागे सरत, बांबूच्या काट्यांत पाठ ओरबाडून घेत, आम्ही ते झाड शेंड्याबुंध्यासकट बसविले.

दिवाळीपूर्वी चित्रे छापून दादाच्या पत्त्यावर धाडली. झाडाचे मोठे केले होते. काही दिवसांनी त्याचा फोन आला. चित्रे पोहोचली, झाड भिंतीवर लागले, म्हातारी खूश आहे; पण ती सारखी विचारते, एवढ्या मोठ्या फोटोत मी कुठे आहे?

आम्ही मूळ चित्र काढून मोठे करून पाहिले. बुंध्याच्या डाव्या अंगास तिची टोपली आहे, अर्धी भरलेली. ती स्वतः नाही. आमच्यासाठी पाणी आणावयास ती त्या वेळी ओहोळावर गेली होती.